उपाशी मांजराची शुश्रूषा

(इयत्ता तिसरी व चौथी. परिसर अभ्यास : एक वर्गपाठ व त्यापुढील तीन आठवड्यांचे निरीक्षण)

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन आठवडे लोटले की खेड्यातील शाळेच्या पडवीत एखादे मांजर येऊन बसते, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांस आहे. उन्हाळ्यात जन्मलेली पिले एव्हाना आईपासून सुटलेली असतात, शेतातील बिळांत पाणी भरलेले असते, आणि शाळेच्या स्वयंपाकखोलीतून शिजत्या अन्नाचा वास येत असतो. मांजर कोणाच्याच घरचे नसते. पाठीचा कणा दोरीच्या गाठींप्रमाणे वर आलेला, बरगड्या मोजता येतील अशा, डोळ्यांच्या कडा चिपडांनी माखलेल्या आणि अंगावरची लव विस्कटलेली. प्रार्थना संपते न संपते तोच ही बातमी वर्गभर होते. मधल्या सुट्टीपर्यंत कोणी करवंटीत दूध आणलेले असते, कोणी बिस्किटाचा चुरा टाकलेला असतो, आणि एखाद्याने खडाही मारून पाहिलेला असतो.

अशा वेळी शिक्षकापुढे सामान्यतः दोन मार्ग असतात. छडी आपटून त्यास हाकलणे, अथवा काही घडलेच नाही असे मानून फळ्याकडे वळणे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाने आणखी एक जीव अंगावर का घ्यावा, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. तथापि वर्गातील सारे डोळे पडवीकडे लागलेले असताना फळ्यावर लिहिलेले कोणाच्याही ध्यानात राहत नाही, हेही तितकेच खरे. मग जो पाठ आपल्या पायांनी चालत शाळेत आला आहे तोच घेणे सोयीचे.

‘आपले प्राणी’ हा विषय पुष्कळदा कंटाळवाणा होतो याचे कारण त्यात मुलांना नवे असे फारसे मिळत नाही. मांजर दूध पिते, मांजर उंदीर धरते, मांजर म्यांव म्यांव करते, ही तीन वाक्ये मूल शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते. त्यांतील पहिले तर निम्मेच खरे आहे. दया हीदेखील मुलांना नव्याने शिकवावी लागत नाही. करवंटीतील दूध ही तिचीच खूण होय. शिकवावयाचे ते एवढेच की दयेलाही माप लागते, आणि उपाशी जिवाच्या बाबतीत ते माप चुकले तर मांजर दयेनेच मरते.

प्रारंभी मुलांस दहा पावलांवर अर्धवर्तुळात बसवावे. हात कोणीही लावावयाचा नाही, हा नियम पाठाच्या पहिल्या वाक्यातच सांगावा व त्याचे कारणही सांगावे. तिसरीतील एखादी मुलगी विचारीलच, “गुरुजी, ते एवढं बारीक आहे, ते काय चावणार?” तिला उत्तर द्यावे, “बाळ, घाबरलेलं मांजर बारीक असलं तरी चावतं. आधी त्याला आपल्याला नीट पाहू दे.” मग निरीक्षण सुरू करावे. मांजर उभे राहते का? चारही पाय टेकते का? आवाजाकडे कान वळवते का? श्वास किती भरभर चालतो? मुलांकडून ही उत्तरे वदवून घेऊन एकाने ती फळ्यावर लिहावीत.

शिक्षकाने स्वतः मात्र याच वेळी आणखी एक गोष्ट न्याहाळून घ्यावी. मांजराची लाळ गळत आहे, जबडा लोंबला आहे, गिळता येत नाही, मागचे पाय लुळे पडले आहेत, आवाज विचित्र झाला आहे, किंवा ते कारणावाचून माणसाच्या अंगावर धावून येत आहे, यांपैकी काही दिसल्यास पाठ तेथेच थांबवावा. मुलांस वर्गात नेऊन दार लावावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. ही लक्षणे पिसाळण्याची असू शकतात. तेथे शुश्रूषेचा प्रश्न उरत नाही.

असे काही नसल्यास पुठ्ठ्याचे एक खोके आडवे ठेवून त्यात जुने पोते किंवा फाटके लुगडे अंथरावे. खोके पडवीच्या कोरड्या कोपऱ्यात असावे, स्वयंपाकखोलीत नसावे. मांजराला उघड्यावर ठेवण्यापेक्षा लपावयास जागा दिली की त्याची निम्मी भीती जाते. बहुधा ते आपण होऊन आत शिरते. उचलावेच लागले तर ते काम शिक्षकाने किंवा गावातील जाणत्या माणसाने करावे, जाड टॉवेल अंगावर टाकून, चारही पाय आत गुंडाळून करावे.

खाण्याआधी ऊब, हा क्रम मुलांच्या मनावर ठसवावा. निरोगी मांजराच्या शरीराचे तापमान सुमारे 38 ते 39 अंश सेल्सिअस, म्हणजे माणसाच्या तापमानाहून थोडे अधिक असते. पावसात भिजलेले उपाशी मांजर याच्या पुष्कळ खाली उतरलेले असू शकते, आणि थंडगार पडलेल्या शरीरात आतड्यांचे काम मंदावलेले असते. त्या स्थितीत घातलेले अन्न पचत नाही. बाटलीत कोमट पाणी भरून, बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस ठेवावी. एकाच बाजूस ठेवण्याचे कारण हे की ऊब नकोशी झाल्यास मांजराला दूर सरकता आले पाहिजे. उथळ वाटीत स्वच्छ पाणी ठेवावे. चमच्याने किंवा पिचकारीने पाणी तोंडात ओतू नये. अशक्त जनावराच्या घशातून ते फुप्फुसात जाते.

मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली असता ती लगेच पूर्ववत बसली पाहिजे. ती तंबूसारखी उभी राहिली तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजावे. फार हडकलेल्या जनावरात ही खूण थोडी फसवी असते, म्हणून हिरड्याही पाहाव्यात. त्या गुलाबी व ओलसर असाव्यात. पांढुरक्या हिरड्या म्हणजे रक्त कमी, मग ते पिसवांनी प्यालेले असो की जंतांनी. हिरड्या किंवा कानाच्या आतील कातडी पिवळी दिसल्यास तो यकृताचा विकार होय. मांजराने काही दिवस अन्न टाकले की त्याच्या यकृतात चरबी साठून असा विकार होऊ शकतो. पिवळेपणा दिसला, किंवा कातडी तंबूसारखी उभी राहिली, तर शाळेतील उपायांवर न थांबता पशुवैद्याकडे न्यावे.

आता अन्नाकडे वळू. पाठाचा गाभा येथेच आहे, म्हणून त्यास पुरेसा वेळ द्यावा.

करवंटीतील दूध प्रथम बाजूस ठेवावयास सांगावे, पण आणणाऱ्या मुलाचा हिरमोड होऊ देऊ नये. दुधात एक प्रकारची साखर असते. पिलाच्या आतड्यात ती पचविणारा पाचक रस असतो. पिलू मोठे होऊ लागले की तो कमी होत जातो. म्हणून पुष्कळशा वाढलेल्या मांजरांना दूध आवडते, परंतु पचत नाही. त्याने पोट बिघडून जुलाब होतात. घरचे धष्टपुष्ट मांजर तेवढ्याने मरत नाही. ज्याच्या अंगात आधीच पाणी उरलेले नाही त्याला मात्र दोन दिवसांचे जुलाब पुरे होतात. डोळेही न उघडलेल्या पिलालासुद्धा गाईचे दूध खऱ्या अर्थाने पुरत नाही, कारण मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात.

बिस्किटे, भात, गुळाचे पाणी आणि ग्लुकोजचे पाणी यांविषयी अधिक सावध राहावे. थकलेल्या माणसास ग्लुकोज देण्याची रीत खेड्यापाड्यांत रुळली असल्याने शिक्षकासही ते द्यावेसे वाटते. उपासमारीत शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळून दिवस काढत असते. एकाएकी पोटात पुष्कळ अन्न, विशेषतः साखर व पिष्ट, गेले की शरीर एकदम अन्न साठविण्याच्या कामास लागते, आणि त्यासाठी रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये भराभर पेशींत ओढली जातात. शरीरातील त्यांचा साठा आधीच सरलेला असतो. रक्तातील त्यांचे प्रमाण घसरते, तांबड्या पेशी फुटू लागतात, हृदयाचा ठोका चुकतो. पोटभर जेवलेले मांजर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरून पडते, आणि ‘एवढे खाऊनही गेले’ असे लोक म्हणतात.

माणसाचेही असेच आहे. 1945 च्या एप्रिलमध्ये जर्मनीतील बर्गन-बेल्सन येथील बंदिछावणी ब्रिटिश सैन्याने मुक्त केली, तेव्हा दीर्घकाळ उपाशी असलेल्या बंदिवानांना सैनिकांनी कळवळून आपल्या शिध्यातील मांसाचे डबे दिले. ते खाऊन कित्येक जण दगावले. ही हकीकत चौथीच्या मुलांस सांगावी की नाही हे शिक्षकाने आपल्या वर्गाकडे पाहून ठरवावे. शेतकऱ्याच्या मुलास जवळचे उदाहरण हवे असल्यास खळ्यावरचे पुरे आहे : उपाशी बैलाने धान्याच्या राशीत तोंड घातले तर धनी धावत जाऊन त्यास ओढून काढतो, कारण पोटफुगीने बैल हातचा जाईल हे त्यास ठाऊक असते. कडक उपवासाचे पारणे थोडक्यावर सोडावे, असे घरातील वडील माणसे सांगतात तेही मुलांनी ऐकलेले असेल.

मग द्यावे काय आणि किती? येथे गणिताची वही उघडावी. प्रथम रिकाम्या खोक्याचे वजन करावे, नंतर मांजरासह. समजा, खोके 650 ग्रॅम भरले आणि मांजरासह 2 किलो 150 ग्रॅम. वजाबाकी मुले करतील. मांजर दीड किलोचे आहे. आपल्याकडचे वाढलेले मांजर साधारणतः तीन-चार किलो भरते हे सांगितले की निम्मे मांजर कोठे गेले, असा प्रश्न मुलेच विचारतात.

नुसते पडून राहण्यासही शरीरास ऊर्जा लागते. एवढ्या मांजरास ती दर किलो वजनामागे सुमारे 60 किलोकॅलरी धरावी. दीड किलोस 90. पहिल्या दिवशी याचा पाव भागच द्यावयाचा. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी अर्धा, चौथ्या व पाचव्या दिवशी पाऊण, आणि सहाव्या-सातव्या दिवशी पूर्ण. पावकी-निमकी पाठ म्हणून घेण्याची चाल आता मागे पडली असली तरी पाव, अर्धा, पाऊण हे शब्द असे एका मांजराच्या जिवावर बेतलेले भेटले की मुले ते विसरत नाहीत. कोंबडीचे एक मध्यम अंडे सुमारे 75 किलोकॅलरी देते. म्हणजे पहिल्या दिवसाचे सारे अन्न उकडलेल्या अंड्याच्या एकतृतीयांशात संपले! मुलांना हे खरे वाटत नाही. एवढासा तुकडा आणि तोही पाच-सहा वेळा वाटून, हे पाहून एखादे मूल रडवेले होते. त्या क्षणी शिक्षकाने घाई करू नये, आणि अंड्याचा उरलेला भाग मांजरापुढे सरकवूही नये.

अंडे मिठावाचून उकडलेले व कुस्करलेले असावे. त्याऐवजी कोंबडीचे हाडे काढलेले उकडलेले मांस किंवा काटे काढलेली शिजविलेली मासळी चालते. किनाऱ्याकडील गावांत सुकी मासळी सहज मिळते, परंतु तिच्यात मीठ फार असते. ती रात्रभर पाण्यात भिजवून, उकडून, ते पाणी टाकून मगच वापरावी. कच्ची मासळी नेहमी देऊ नये. काही जातींच्या माशांत एक जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, ते शिजविल्याने निघून जाते. शालेय पोषण आहारातील खिचडी उरली तरी ती मांजराची नव्हे, कारण तिच्यातील कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

काही गावांत शाळेच्या आवारात मांस-मासळी आणणे लोकांस रुचत नाही. त्यांच्या भावनेचा मान राखावा व अन्न शेजारच्या एखाद्या घरी तयार करून घ्यावे. पण मांजराला शाकाहारी करण्याचा प्रयत्न करू नये. गाय गवतावर जगते तसे मांजर मांसावर जगते. हा त्याचा दुर्गुण नव्हे, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य बहुतेक प्राणी स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करतात, मांजरास ते अन्नातूनच मिळवावे लागते, आणि वनस्पतीत ते जवळजवळ नसते. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा खराब होतो हे 1975 मध्ये, आणि हृदय फुगून दुबळे होते हे 1987 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. गाजरातून अ जीवनसत्त्व बनविणे आपल्याला साधते, मांजराला साधत नाही. उंदीर खाणाऱ्या मांजरास हे सारे उंदरातच मिळते. हितोपदेशातील दीर्घकर्ण मांजराने मांस सोडल्याच्या शपथा वाहिल्या होत्या. मुलांना ती गोष्ट येथे सांगता येईल, आणि त्याची लबाडी खोटे बोलण्यात होती, मांस खाण्यात नव्हती, असा एक वेगळा मुद्दाही काढता येईल.

खाऊ घालण्याच्या वेळा शाळेच्या तासांत बसत नाहीत ही खरी अडचण आहे. सकाळची व रात्रीची वेळ शाळेशेजारच्या घराने किंवा आहार शिजविणाऱ्या मावशींनी सांभाळावी; उरलेल्या वेळा शाळेत. प्रत्येक वेळी किती दिले, किती खाल्ले, शौचास कशी झाली, हे एका वहीत लिहावे. वजन दररोज एकाच वेळी करावे. पहिल्या चार-पाच दिवसांत वजनाचा आकडा हालत नाही, क्वचित खालीही जातो, आणि मुले निराश होतात. आठवड्यानंतर भुकेप्रमाणे अन्न वाढवता येते. मग चौथीच्या मुलांनी चौकटीच्या कागदावर वजनाचा आलेख काढावा. आयत्या आकड्यांवरून काढलेल्या आलेखापेक्षा या आलेखाकडे मुले अधिक वेळा जातात.

औषधांच्या बाबतीत शिक्षकाने हात आखडता ठेवावा. माणसास ताप आल्यावर देतात ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरते. ते औषध निकामी करण्याची शक्ती त्याच्या यकृतात फार थोडी असते. त्याच कारणाने फिनेलने पुसलेल्या ओल्या जमिनीवर त्यास ठेवू नये, कारण ते पाय चाटून साफ करते. पिसवांसाठी रॉकेल चोळणे, कीटकनाशक भुकटी टाकणे किंवा गुरांच्या गोचिडांचे औषध लावणे हे तिन्ही उपाय घातक आहेत. बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याचे भांडे पुरते; फणीत आलेल्या पिसवा पाण्यात बुडवाव्यात. फणी मोठ्या माणसाने फिरवावी. जंतांचे औषध पशुवैद्य वजन पाहून देतात, आणि तेही मांजराच्या अंगी थोडी शक्ती आल्यावर. पिसाळ रोगाची प्रतिबंधक लसही त्यांच्याकडूनच टोचून घ्यावी.

या पाठातील खरा धोका मांजराला नाही, मुलाला आहे, आणि तो बहुधा दिसत नाही. मूल शिक्षकाचा डोळा चुकवून मांजराला उचलते, हातावर ओरखडा उठतो, आणि नियम मोडला म्हणून मार बसेल या भीतीने मूल तो ओरखडा बाहीखाली झाकते. घरी सांगितले तर मांजर हाकलून देतील ही दुसरी भीती. तिसरी भीती वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून आलेली : पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील. मज्जापेशींपासून बनविलेली ती जुनी लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली, पण तिची दहशत अजून घराघरांत आहे. म्हणून पहिल्याच दिवशी शिक्षकाने वर्गासमोर स्पष्ट शब्दांत सांगावे, “कुणाला मांजर चावलं, ओरबाडलं किंवा हातावरच्या जखमेला चाटलं, तर मला येऊन सांगा. सांगणाऱ्याला मी रागावणार नाही. मांजरालाही घालवून देणार नाही.” आणि हा शब्द पाळावा. एका मुलास एकदा रागावले की पुढचा ओरखडा कोणीही दाखवणार नाही. त्याशिवाय रोज शाळा सुटण्यापूर्वी सर्वांचे हात एकदा पाहून घ्यावेत. स्वच्छतेच्या तपासणीत हे सहज बसते.

ओरखडा आढळल्यास तो वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटे धुवावा. घड्याळ पाहून धुवावा. अंदाजाची 15 मिनिटे तीन मिनिटांत संपतात. हळद, तिखट, चुना, शेण यांपैकी काही लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये. पालकांस कळवून त्याच दिवशी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. रक्त न आलेल्या ओरखड्यासही लस लागते. रक्त आले असल्यास लशीबरोबर जखमेच्या जागी प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही देतात. लस पहिला दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दंडाच्या कातडीत देतात. स्नायूत दिल्यास चौदाव्या दिवशीची आणखी एक मात्रा असते. मांजरावर दहा दिवस नजर ठेवावयाची असतेच, परंतु ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत लस लांबविणे ही घातक चूक होय. रोगाची लक्षणे एकदा उमटली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या मुलास पहिल्याप्रथम ही लस देवविली. तो नऊ वर्षांचा होता. चौथीच्या वर्गातील पुष्कळ मुले याच वयाची असतात. तो वाचला.

शौचासाठी वाळूची किंवा कोरड्या मातीची पाटी ठेवावी व ती रोजच्या रोज मोठ्या माणसाने साफ करावी. मांजराच्या विष्ठेतून पसरणारा एक जंतू गर्भास अपाय करतो, पण विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य होण्यास एक दिवस तरी लागतो. रोजच्या सफाईचे महत्त्व यात आहे. शाळेतील बाई किंवा आहाराच्या मावशी गरोदर असल्यास त्यांनी या कामास हात लावू नये. मुलांपैकी कोणाच्या अंगावर गोल, लालसर, खाजरा चट्टा उठल्यास तो नायटा असू शकतो. तो मांजरापासून येतो आणि औषधाने बरा होतो. मुलाला मात्र त्यावरून चिडवू देऊ नये.

दोन-तीन आठवड्यांनी मांजर पडवीतून वर्गात आणि वर्गातून टेबलावर येऊ लागते. आता ते कोणाचे, हा प्रश्न पुढे येतो. शाळेचे मांजर म्हणून ते ठेवता येत नाही असे नाही. तांदळाच्या पोत्यांना उंदरांपासून त्याचा उपयोगच होतो. पण दिवाळीची सुट्टी येते, मे महिना येतो, आणि कुलूप लावलेल्या शाळेत मांजर पुन्हा पहिल्यासारखे होते. म्हणून सुट्टीच्या बऱ्याच आधी, पालकसभेत, ते मागणारे घर शोधावे. घर देताना मुलाची इच्छा विचारून भागत नाही. त्या घरातील जी व्यक्ती चुलीपाशी असते तिचा होकार हवा. मांजरी असल्यास पशुवैद्यांकडे शस्त्रक्रियेची विचारणा करावी. सुमारे 63 ते 65 दिवसांत ती विते, वर्षातून एकाहून अधिक वेळा विते, आणि पिले तोंडात धरून सात घरे फिरवते म्हणतात ती त्याच गावात. ‘पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून या’ असा सल्ला कोणीतरी देईलच. उपाशी मरण्याचा संभव आहे अशा ठिकाणी विनाकारण जनावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरतो, हे त्या गृहस्थास सौम्य शब्दांत सांगावे. हा कायदा होण्यामागे राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे परिश्रम होते. प्राणिमात्राविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून राज्यघटनेत आले ते 1976 मध्ये.

सर्व काही मापून केले तरी मांजर वाचेलच असे नाही. दीड किलोवर आलेल्या जनावरात बाहेरून न दिसणारा रोगही असू शकतो. “ते बरं होणार ना, बाई?” असे मुलांनी पहिल्याच दिवशी विचारले तर होकार देऊ नये, “आपण नीट काळजी घेऊ, पण ते फार अशक्त आहे,” असे सांगावे. ते गेल्यास मुले येण्यापूर्वी गुपचूप नेऊन टाकू नये. ‘पळून गेले’ असे सांगण्याचा मोह होतो, पण खेड्यात असली गोष्ट दुपारपर्यंत मुलांच्या कानी येते आणि मग त्या वहीतील इतर नोंदींवरही त्यांचा विश्वास राहत नाही. त्या दहा दिवसांत कोणास ओरखडा उठला असल्यास पशुवैद्यास विचारल्याखेरीज मांजर पुरू नये, त्यांस तपासणीसाठी नमुना घ्यावा लागेल. नसल्यास हातात पिशवी घालून, विहिरीपासून दूर, गुडघाभराहून खोल खड्डा खणून वर चुना टाकावा. खड्डा मोठ्या माणसाने खणावा, माती लोटण्यास मुलांना येऊ द्यावे. वर्गात परतल्यावर वहीच्या शेवटच्या ओळीत त्या दिवसाची तारीख व शेवटचे वजन ज्या मुलाची पाळी असेल त्याच्याकडून लिहवून घ्यावे, आणि वही कपाटात इतर वह्यांबरोबर ठेवावी.